मंगशौ

मेसच्या फळ्यावर रोज सकाळी दोन गोष्टी लिहिलेल्या असत. वर त्या दिवशीचं जेवण आणि खाली एक चिनी शब्द. जेवण पारबताबाई सांगायची आणि मी लिहायचो. शब्द तांग लिहायचा. त्या दिवशी वर 'भेंडी, अंडी, पेज' असं होतं आणि खाली दोन अक्षरं होती, इतकी गिचमिडीची की खडू दोनदा मोडला होता.

"मंगशौ," तांग म्हणाला.

"मांगशो," मी म्हणालो.

तांगनं डोळे मिटून घेतले. माझं चिनी ऐकताना तो नेहमी डोळे मिटायचा. दाढ काढून घेणारा माणूस मिटतो तसे.

मी तेव्हा शेहेचाळीस वर्षांचा होतो आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खासगी वीजप्रकल्पाच्या प्रशासन विभागात टंकलेखक होतो. बॉयलर उभारायला चीनमधून चाळीस इंजिनिअर येणार असं ठरलं, तेव्हा कंपनीला एक दुभाष्या हवा झाला. बाहेरून आणला तर पगार द्यावा लागला असता. म्हणून आतल्याच कोणालातरी नागपूरला तीन महिन्यांच्या वर्गाला पाठवायचं ठरलं, आणि ज्याच्या नसण्यानं कोणाचंही काही अडणार नाही असा माणूस शोधण्यात आला. शोध फार वेळ चालला नाही. परत आलो तेव्हा दारावर पाटी होती : 'श्री. खानझोडे, दुभाषी'. विमानतळ कुठे आहे आणि माझी धाकटी बहीण सुंदर आहे, एवढं मी अस्खलित सांगू शकत होतो. आमच्या पुस्तकात प्राणी एकच होता, पांडा.

चाळिसांपैकी माझ्याशी बोलण्याचा धीर फक्त तांगला होता. साठीला आलेला, बॉयलरचा जुना माणूस, विधुर. सगळे त्याला लाओ तांग म्हणत, म्हणजे आपल्याकडे तांगबाबा. माझी कीव येऊन त्यानंच फळ्यावर रोज एक शब्द लिहायचा नेम धरला होता.

"काय शिकवते जी आज तांगबाबा?" पारबताबाई मडावी पेजेचं पातेलं घेऊन बाहेर आली. चिन्यांच्या मेसचा सगळा स्वयंपाक तिच्या हाती होता. वाफवलेले पाव ती इतके बेताचे करायची की तांग म्हणायचा, हिला माझ्या गावी नेलं तर तिथल्या बायका उपाशी मरतील.

"काल पंपहाऊसपाशी ठसे दिसले ना," मी म्हणालो. "चिनी लोक म्हणतात आम्हाला पाटी पाहिजे. पाटीवरचा शब्द आहे. मंगशौ. अंगावर येणारं, फाडून खाणारं जनावर."

"कोणतं?"

"कोणतंही. अस्वल, बिबट, वा..."

तिनं पातेलं असं आपटलं की पेज टेबलावर सांडली.

"नाव नका घेऊ जी. आमाले परत त्याच वाटेनं जा लागते."

पारबताबाईच्या गावचे, पिंपळझरीचे लोक त्याचं नाव घेत नसत. 'तो' म्हणत, 'मोठा' म्हणत, फारच लांबचा असला तर 'आपला'. नाव घेतलं की बोलावलं, एवढा साधा हिशेब. मी वर्ध्याचा. मला हे सगळं गमतीचं वाटायचं.

"मंगशौ," पारबताबाईनं म्हणून पाहिलं.

तांगनं डोळे उघडले. उठून उभा राहिला, तिला किंचित वाकून नमस्कार केला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "ऐक. असं म्हणतात."

"त्यांच्या गावाकडे असतात का जी?" तिनं विचारलं. मी चिनीत विचारलं. दुसऱ्या खेपेला त्याला कळलं.

"आजोबांच्या वेळी होते," तांग म्हणाला. "आता नाहीत. आता शब्द उरलाय."

मी ते तिला सांगितलं. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "आमच्याकडं उलटं हाय म्हणाव."

आठवडाभरात तो शब्द पिंपळझरीत पोचला. त्याचं काय आहे, तो शब्द त्यांच्या फार सोयीचा होता. नाव घेतल्याशिवाय बोलता येत होतं. पहाटे बायका निघाल्या की मागची पुढचीला हाळी द्यायची, "मंगशौ हाय का वं?" आणि पुढची उत्तर द्यायची, "नाई वं, या." पारबताबाईची नणंद सायत्रा मेसमध्ये भांडी घासायची. ती मला म्हणाली, "बाबूजी, चांगला शब्द दिला तुमी. त्याले चिनी येत नाई." मला फार बरं वाटलं. एकवीस वर्षांच्या नोकरीत मी कोणाला काही दिल्याचं हे पहिलंच उदाहरण होतं.

आता ती वाट सांगितली पाहिजे. पिंपळझरी प्रकल्पाला अगदी लागून, तीन नंबरच्या फाटकासमोर. गावातून निघून फाटकातून आत यायला दहा मिनिटं पुरली असती. पण चिनी लोक आल्यापासून तीन नंबरचं फाटक 'परदेशी तज्ज्ञांकरिता राखीव' झालं होतं आणि कंत्राटी माणसांनी एक नंबरनं यायचं होतं. म्हणजे भिंतीला वळसा घालून, बांबू आणि मोहाच्या झाडांतून, नाल्याच्या कडेनं अडीच किलोमीटर. परदेशी तज्ज्ञ आतल्याच वसाहतीत राहत. तीन नंबरनं ते महिन्यातून एकदा बाजाराला जात.

चैत्र सुरू झाला होता. मोह टपटपत होता. पारबताबाई एक दिवस दुपारची भांडी आवरून माझ्या टेबलापाशी आली.

"बाबूजी, एक अर्ज लिवून द्या."

"कशाचा?"

"तीन नंबरचं फाटक सकाळच्याला उघडा म्हणाव. मोह सरेपर्यंत. मंग आमी जाऊ आपल्या वाटेनं."

"कारण?"

"कारण तुमाले माहीत हाय."

"मला माहीत असून उपयोग नाही. अर्जाला माहीत पाहिजे."

ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "नाल्यात बसून राह्यते. मादी हाय. संगं दोन पिल्लं. चार दिवस झाले, आमी येतो तवा पाह्यते. उठत नाई, पाह्यते फक्त."

मी कागद मशीनला लावला. हो, संगणक होता, पण अर्ज मी मशीनवरच टाइप करायचो. वर पाठवायचा कागद खडखडल्याशिवाय खरा वाटत नाही. 'सदर मार्गावर वा' एवढं उमटलं आणि तिनं मशीनवर हात ठेवला.

"नाव नका लिवू."

"अहो पारबताबाई, हा अर्ज आहे. जंगल नाही."

"अंगठा मलेच लावा लागते ना त्याच्यावर? नावावर अंगठा लावला म्हंजे मीच बोलावलं झालं. अन् उद्या पाहाटी मलेच जा लागते तिथून. तुमी जाता का?"

मी कॉलनीत राहत होतो. माझी वाट डांबरी होती.

"मग काय लिहू?"

तिनं मेसच्या दिशेनं मान हलवली. "ते लिवा. तांगबाबाचं."

मी नाही म्हणायला हवं होतं. निदान तिला कळणार नाही अशा बेतानं खाली बारीक अक्षरांत शब्दाचा अर्थ टाकायला हवा होता. पण खरं सांगतो, मला गंमत वाटली. मी शिकलेला चिनी शब्द पिंपळझरीच्या बाईच्या अर्जात, मराठीत, प्रशासन अधिकाऱ्यांकडे चालला होता. मी लिहिलं : 'सदर मार्गावर पिल्लांसह मंगशौ वावरत असल्याने जिवास धोका आहे.' वाचून दाखवलं. तिनं ऐकून मान डोलावली आणि निळ्या शाईत अंगठा बुडवला.

आमचे प्रशासन अधिकारी मुळावकर साहेब वाईट माणूस नव्हते. वाईट माणसं निर्णय तरी घेतात. तिसऱ्या दिवशी अर्ज शेरा होऊन खाली आला : 'मंगशौ या शब्दाचा अर्थबोध होत नाही. खुलासा व्हावा.'

"झालं का जी?" पारबताबाई पाव वाढताना विचारायची.

"खुलासा चालू आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे काम चालू आहे."

"बरं," ती म्हणायची. ऑफिसच्या कामाला वेळ लागतो याबद्दल तिची तक्रार नव्हती. तिच्या पेजेलाही वेळ लागायचा.

सहाव्या दिवशी तिनं विचारलं, "खुलासा मोठा असते का जी?"

"बरा असतो."

"ती आता वाटेवर येऊन बसते. आमी ताट वाजवत येतो. पहिले ताट वाजलं का उठून जायची. आता कान बी हालवत नाई."

"एक-दोन दिवस," मी म्हणालो.

त्या दिवशी तांगही बाजाराच्या गाडीतून येताना नाल्याकडे उतरून ठसे पाहून आला. स्वतःचा पंजा पसरून मला माप दाखवलं. मग त्यावर दुसरा हात अर्धा ठेवला. म्हणाला, "त्या बाईला फाटक उघडून द्या."

"कागद चालू आहे," मी चिनीत म्हणालो. हे वाक्य मला पुस्तकाशिवाय जमलं होतं.

बाराव्या दिवशी सकाळी सात वाजले तरी मेसमध्ये पेज नव्हती. चाळीस चिनी पुढ्यात वाट्या घेऊन बसले होते. सव्वासातला सायत्रा आली. एका पायात चप्पल होती. हातात जेवणाचं ताट होतं, वाजवायचं. ती दारात उभी राहिली आणि ते ताट वाजवत राहिली. कोणाला ते काढून घ्यायचं सुचेना. शेवटी तांग उठला आणि त्यानं तिच्या हातावर हात ठेवला.

"वैनी," ती म्हणाली. "वैनी मोह वेचाले वाकली. दोनच ओंजळी होता जी. वाटेवरच पडला होता. म्हणाली, टाकून काहून जा. वाकली."

वाकलेला माणूस त्याला माणूस दिसत नाही, असं नंतर वनखात्याचा माणूस म्हणाला. त्यानं मुळावकर साहेबांनाही दोन शब्द दिले, 'मोह वेचताना', आणि ते साहेबांच्या फार उपयोगी पडले.

त्यानंतर चौथ्या दिवशी अकरा वाजता चौकशी बसली. मुळावकर साहेबांची खोली गार होती. टेबलाच्या एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला तांग, आणि मधल्या अंगाला मी. चिनी लोकांच्या मेसचा प्रमुख म्हणून तांगचं म्हणणं नोंदवायचं होतं. बाहेर बाकावर सायत्रा आणि पारबताबाईचा नवरा बसले होते. दार अर्धं उघडं होतं.

"असं आहे खानझोडे," साहेब म्हणाले, "बाई मोह वेचत होती. म्हणजे ती कामावर येत नव्हती, जंगलात गेली होती. तो भाग स्पष्ट आहे. प्रश्न एकच. वाघ आहे अशी पूर्वसूचना कंपनीला होती का? आवक नोंदवहीत तसं काही नाही. मी स्वतः पाहिलं. यांना विचारा, यांच्याकडे तशी काही सूचना होती का."

मी तांगला विचारलं. वाघाला चिनीत काय म्हणतात ते मला एव्हाना येत होतं. प्रश्न एका खेपेत कळला.

तांग सावकाश बोलला. माझ्यासाठी तो नेहमीच सावकाश बोलायचा. इतकं स्वच्छ चिनी मी आयुष्यात पुन्हा ऐकलं नाही. एक अक्षर निसटलं नाही.

तो म्हणाला, "होती. पारबतानं रोज सांगितलं. ठसे मी स्वतः पाहिले, मोठी वाघीण होती. पारबतानं कागद दिला होता. तो कागद या माणसाकडेच होता. साहेबांनी त्याला शब्दाचा अर्थ विचारला होता. तो मला रोज येऊन विचारायचा, पहिल्या अक्षरात डावीकडे कुत्र्याची खूण का आहे, दुसरं अक्षर किती जुनं आहे. मी म्हटलं, एवढं कशाला, वाघ लिही. तो म्हणाला, नीट लिहितोय. पारबता फाटक उघडायची वाट पाहत होती."

खोलीतलं यंत्र घुरघुरत होतं.

खुलासा माझ्या खणात होता. साडेतीन पानं झाली होती. एकवीस वर्षांत कंपनीनं मला पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं, जे फक्त मला माहीत होतं. ते एका शब्दात सांगून टाकणं मला कसंतरी वाटलं. मी मथळा घातला होता, 'मंगशौ : व्युत्पत्ती व व्याप्ती'. अक्षरं शाईनं काढायची म्हणून नागपूरहून बारीक ब्रश मागवला होता. तो अकराव्या दिवशी आला.

"काय म्हणतात?" साहेबांनी विचारलं. त्यांनी पेन उघडून धरलं होतं. माझ्याकडे पाहत होते, आणि मला वाटतं, त्यांना काय हवं ते त्यांनाही माझ्याइतकंच ठाऊक होतं. तो अर्ज त्यांनीच खाली पाठवला होता.

दाराच्या फटीतून सायत्राचा पाय दिसत होता. नवी चप्पल होती.

"ते म्हणतात," मी म्हणालो, "मेसमध्ये एक शब्द वापरात होता. पण तो सर्वसाधारण शब्द आहे. कोणतंही हिंस्र जनावर. अस्वल, बिबट, लांडगा, सगळं त्यात येतं. वाघाचा असा वेगळा उल्लेख नव्हता."

साहेबांनी लिहून घेतलं. शेवटी माझी सही हवी होती, भाषांतर बरोबर असल्याची. माझी सही वळणदार आहे.

तांग माझ्याकडे पाहत होता. मराठी त्याला येत नव्हतं. पण तो बोलताना तीनदा 'पारबता' म्हणाला होता, आणि माझ्या मराठीत ते नाव एकदाही आलं नव्हतं.

"सगळं सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"सगळं," मी म्हणालो. माझा उच्चार बहुतेक बरोबर आला, कारण त्यानं डोळे मिटले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर फक्त जेवण असायचं. तेही सायत्रा सांगायची आणि कोणीतरी लिहायचं. तांग आणखी दीड वर्ष होता. रोज भेटायचा, हसायचा, बॉयलरचं काही असलं तर बोलायचा. जाताना त्यानं सगळ्यांना चहाचे डबे दिले, मलाही दिला. शब्द मात्र पुन्हा एकही दिला नाही. चिनी लोकांच्या मागणीप्रमाणे पाटी तेवढी लागली. तीन नंबरच्या फाटकाला, आतल्या बाजूनं, चिनीत. अक्षरं मी काढली. ब्रश आलेलाच होता.

साडेतीन पानं मी बरीच वर्षं जपली. मग एका दिवाळीला बायकोनं माळा आवरताना रद्दीत घातली, आणि मी घालू दिली.

या चैत्रात मला एका मुलीचा फोन आला. विद्यापीठाकडून जंगलातल्या गावांचे शब्द गोळा करत होती. म्हणाली, पिंपळझरीत एक शब्द मिळालाय, गोंडीत सापडत नाही, कुठेच सापडत नाही; लहान मुलंसुद्धा वापरतात. एक बाई म्हणाल्या की खानझोडे बाबूजींना विचारा. सर, येता का?

निवृत्त माणसाला कोणी 'येता का' म्हटलं की तो जातो.

गाव तसंच होतं. प्रकल्प जुना दिसायला लागला होता. चिनी जाऊन तेरा वर्षं झाली होती. तीन नंबरच्या फाटकाला कुलूप होतं आणि गजांमधून पाटीची मागची बाजू दिसत होती. मुलगी नाल्याच्या वाटेच्या तोंडाशी उभी होती, हातात वही घेऊन. दुपारच्या पाळीला निघालेल्या चार बायका तिच्यापाशी थांबल्या होत्या, हातात ताटं. एकीचे केस पांढरे झाले होते. ती सायत्रा होती. तिनं मला ओळखलं आणि पदर नीट केला.

"बरे हा ना बाबूजी? वाळून गेले तुमी."

"बरा आहे."

"मेस आता आपल्याच लोकायची हाय. पेज नाई खात कोणी."

मुलगी चुळबुळत होती. तिनं पेन उघडून धरलं. "सर, मी इथं 'मंगशौ' लिहिलंय. पुढे अर्थाची जागा सोडलीय. यांना विचारलं तर या हसतात नुसत्या. तुम्ही खुलासा कराल का?"

किती साधी पोरगी होती. तिला एक शब्द हवा होता. मी त्या वाटेकडे पाहिलं. मोह पडला होता, पिवळा, दोन ओंजळी असेल.

"वाघ," मी म्हणालो. चांगलं मोठ्यानं, स्वच्छ.

मुलीनं लिहून घेतलं. बायकांपैकी एकीनं ताट छातीशी धरलं. सायत्रानं मागं वळून वाटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आता काहून नाव घेता जी," ती म्हणाली. "आमाले अजून जायचं हाय."